समर्थभक्त नानासाहेब देव

वकिलाच्या घरी दप्तरांचे ढीग असावयाचेच. दावे, कैफियती, खतपत्रे यांनी त्याची कपाटे भरलेली असतात. परंतु धुळे शहरातील एका वकिलाने याखेरीज आणखी एक दप्तर जन्मभर जतन केले. ते कोणा अशिलाचे नव्हते. ते समर्थ रामदासस्वामींचे होते. त्या वकिलाचे नाव शंकर श्रीकृष्ण देव. लोक त्यांना आदराने नानासाहेब म्हणत.

नानासाहेबांचा जन्म १८७१ साली झाला. त्या काळी जळगाव व धुळे हे प्रदेश खानदेश या एकाच जिल्ह्यात मोडत आणि पांझरा नदीकाठचे धुळे हे त्याचे मुख्य ठिकाण होते. नानासाहेबांनी चरितार्थासाठी वकिली पत्करली. पण त्यांचे मन रमले ते समर्थांच्या वाङ्मयात. १८९३ साली, ऐन तारुण्यात, त्यांनी धुळ्यास सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली.

समर्थांचे ग्रंथ त्यांच्या शिष्यांनी उतरून घेतले होते. ती हस्तलिखिते, म्हणजे बाडे, गावोगावच्या मठांतून पडून होती. कित्येकांना कसर लागली होती, कित्येक ओलीने कुजत होती. देवघरात पूजिलेले बाड परक्याच्या हाती देण्यास कोणी सहजासहजी धजत नसे. हा ठेवा एकदा नष्ट झाला, तर तो पुन्हा कोठून आणावयाचा? या चिंतेने नानासाहेब मठामठांतून हिंडले आणि त्यांनी एकेक बाड मिळविले.

न्यायालयात नक्कल पुढे आली की मूळ लेखाची मागणी होते. तीच कसोटी नानासाहेबांनी ग्रंथांस लावली. दासबोधाच्या प्रती पुष्कळ होत्या. पण नकलांवरून नकला होताना शब्द पालटतात. म्हणून समर्थांचे पट्टशिष्य कल्याणस्वामी यांच्या हातची, डोमगावच्या मठातील प्रत त्यांनी प्रमाण मानली व तिच्या आधारे १९०५ साली दासबोध प्रसिद्ध केला. ज्या शिवथरघळीत दासबोध लिहिला गेला असे मानतात, ती महाडजवळची घळही त्यांनी जुन्या कागदांतील उल्लेखांचा माग काढीत १९३० साली शोधून काढली.

जमविलेल्या बाडांना कायमचे घर हवे होते. त्यासाठी १९३५ साली धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिर उभे राहिले. समर्थांनी स्वहस्ते लिहिलेले वाल्मीकिरामायण तेथे आजही जपून ठेवलेले आहे.

१९५८ साली, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, नानासाहेबांनी देह ठेवला. त्यांनी न्यायालयात चालविलेले दावे आज कोणाच्या स्मरणात नाहीत. परंतु आपण दासबोध उघडतो, तेव्हा त्यातील शब्द शुद्ध स्वरूपात आपल्यापर्यंत पोहोचावे म्हणून खानदेशातील एक वकील जन्मभर झटला, हे आपण विसरता कामा नये.