विजेची उतरंड

गेल्या हिवाळ्यात आमची सहल राजगडावर मुक्कामाला गेली होती, तेव्हा पद्मावती माचीवर माझी चांगलीच फजिती झाली. मी हौशी बिनतारी संचाचा परवानाधारक. छोटासा संच आणि जुनी शिशाची बॅटरी पाठीवर घेऊन मी मोठ्या ऐटीत गड चढलो. संध्याकाळी एका मैत्रिणीचा पाय मुरगळून सुजला. आम्ही होतो तिथे मोबाईलला रेंज नव्हती. पहाटे पायथ्याला, गुंजवण्यात, जीप पाठवावी एवढाच निरोप पुण्यातल्या एका हौशी स्नेह्याला द्यायचा होता. मी बोलू लागलो आणि निरोप अर्धा होतो न होतो तोच संच मुका झाला. अखेर दोन मित्र विजेरीच्या उजेडात रात्रीच गड उतरले. त्यांचे पाय घसरले असते तर, हा विचार आजही माझी पाठ सोडत नाही.

घरून निघताना मी बॅटरीला मीटर लावून पाहिला होता. तो बारा व्होल्टच्या वर दाखवत होता. मग चुकले कुठे? नवी बॅटरी घेण्यापूर्वी हे समजून घ्यावे, म्हणून मी ग्रंथालयात शिरलो आणि ज्याच्या नावाने आपण विजेचा दाब मोजतो, त्या माणसाच्या चरित्रात गुंतून गेलो.

अलेस्सांद्रो व्होल्टाचा जन्म १८ फेब्रुवारी १७४५ रोजी उत्तर इटलीतील कोमो या सरोवराकाठच्या गावी झाला. चार वर्षांचा होईपर्यंत हे मूल नीट बोलेना. घरच्यांना वाटले, पोर मुके निघणार. पुढे मात्र त्याने सर्वांना मागे टाकले. लहानपणीच पितृछत्र हरपले. विद्यापीठाची पायरी तो विद्यार्थी म्हणून कधी चढला नाही. भाषांची त्याला गोडी होती, निसर्गविज्ञानावर त्याने लॅटिनमध्ये काव्यही रचले. कलाशाखेचा विद्यार्थी असून बॅटऱ्या कसल्या उचकतोस, असे मला विचारणाऱ्या मित्रांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी!

१७७४ मध्ये व्होल्टा कोमोच्या शाळेत रुजू झाला. पुढच्याच वर्षी त्याने इलेक्ट्रोफोरस हे स्थिर वीज पुन्हापुन्हा देणारे साधन सुधारून प्रसिद्धीस आणले. १७७६ मध्ये माज्जोरे सरोवराकाठच्या दलदलीतून वर येणारे बुडबुडे त्याने बाटलीत धरले. तो वायू म्हणजे आजचा मिथेन. हा वायू ठिणगीने पेटवणारे एक पिस्तूल त्याने बनवले, आणि १७७७ मध्ये एक विलक्षण कल्पना मांडली. कोमोपासून मिलानपर्यंत लाकडी खांबांवरून तार न्यावी, इकडे वीज सोडावी आणि तिकडे पिस्तूल उडावे! दूर निरोप पाठवण्याचे हे स्वप्न त्याने पाहिले, तेव्हा तारायंत्र जन्मालाही आले नव्हते. हे वाचताना मला माझा अर्धा राहिलेला निरोप आठवला.

१७७९ पासून तो पाव्हिया विद्यापीठात पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक होता. या काळातल्या त्याच्या एका विचारात माझ्या फजितीचे उत्तर होते. विजेचा साठा वेगळा आणि विजेचा दाब वेगळा, हे त्याने स्पष्ट ओळखले. तांब्याभर पाणी परातीत ओतले की पातळी खाली जाते, पाणी मात्र तेवढेच राहते. उलट, अरुंद नळीत थोडेसेच पाणी उंच चढून बसते. मी मीटर लावून फक्त पातळी पाहिली होती. पाणी किती आहे आणि ते किती जोराने वाहू शकेल, हे विचारलेच नव्हते.

१७९१ मध्ये बोलोन्याच्या लुइजी गाल्व्हानीने आपले प्रयोग प्रसिद्ध केले. मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन धातूंचा स्पर्श झाला की तो झटका देई. वीज प्राण्याच्या शरीरातच असते, असे गाल्व्हानीचे मत होते. व्होल्टाने आधी ते मानले, मग स्वतः पडताळा घेतला आणि तो विरुद्ध निष्कर्षाला आला. वीज दोन भिन्न धातूंतून येते, बेडूक केवळ तिची चाहूल देतो! त्याने कथलाचा तुकडा आणि चांदीचे नाणे स्वतःच्या जिभेवर ठेवले. दोन्ही एकमेकांना टेकताच आंबट चव आली. मग कोणत्या धातूची कोणाशी जोडी लावली असता जोर अधिक, हे पाहत त्याने धातूंची क्रमवारीच लावली. एका टोकाला जस्त, दुसऱ्या टोकाला चांदी. बॅटरी कशाची असावी, हा प्रश्न इतक्या चिकाटीने त्याच्याआधी कोणी विचारला नसेल.

एका जोडीचा जोर मात्र जेमतेम जिभेला कळण्याएवढा. तेव्हा आपल्या आजीने मडक्यांची उतरंड रचावी, तशी त्याने चकत्यांची रचली. चांदी, जस्त, मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, पुन्हा चांदी, जस्त, पुठ्ठा. तीस, चाळीस, साठ जोड्या! २० मार्च १८०० रोजी त्याने हा शोध लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पत्राने कळवला. सलग वाहणारी वीज माणसाच्या हाती आली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये निकोल्सन आणि कार्लाइल यांनी अशीच उतरंड रचून पाण्याचे पृथक्करण केले.

दुर्दैव असे, की गाल्व्हानी हे पाहायला उरला नव्हता. नेपोलियनने स्थापलेल्या राज्याची शपथ घ्यायचे नाकारल्याने त्याची प्राध्यापकी गेली आणि १७९८ मध्ये तो वारला. व्होल्टाने मात्र १८०१ मध्ये पॅरिसला खुद्द नेपोलियनसमोर प्रयोग करून सुवर्णपदक मिळवले. १८१० मध्ये तो काउंट झाला. न्याय कुठे झाला, हे मला ठरवता येत नाही. प्राण्यांच्या नसांत वीज असते, हे पुढे खरे ठरले, म्हणजे गाल्व्हानीही सर्वस्वी चुकला नव्हता. आणि व्होल्टा सर्वस्वी बरोबर नव्हता. धातूंच्या नुसत्या स्पर्शाने वीज येते, असे त्याला वाटे. पण वीज देताना जस्त झिजते. ती रासायनिक क्रियेची किंमत आहे, हे फॅरडे आदींनी नंतर दाखवले.

१८१९ मध्ये निवृत्त होऊन तो कोमोजवळच्या काम्नागोला राहू लागला. ५ मार्च १८२७ रोजी त्याचे निधन झाले. १८८१ मध्ये पॅरिसच्या विद्युत् परिषदेने विजेच्या दाबाच्या एककाला त्याचे नाव दिले. १८९९ मध्ये कोमोत त्याच्या सन्मानार्थ भरलेल्या प्रदर्शनाला आग लागली आणि त्याची कितीतरी मूळ उपकरणे जळाली.

असो. चरित्र मिटले आणि मी पडताळ्याला बसलो. माझा संच बोलताना सुमारे दोन अँपिअर ओढतो. तेवढ्याच ओझ्यासाठी गाडीचा २१ वॅटचा दिवा आणला. जुन्या बॅटरीला तो जोडताच काही मिनिटांत दाब दहा व्होल्टच्या खाली घसरला. नवी शिशाची ७ अँपिअर-तासांची बॅटरी टिकली, पण तिचे वजन अडीच किलो, आणि अर्ध्याहून अधिक रिकामी करत गेले तर तिचे आयुष्य घटते. एका स्नेह्याची लिथियम आयर्न फॉस्फेटची ६ अँपिअर-तासांची बॅटरी किलोभरही नव्हती. ३.२ व्होल्टचे चार सेल, म्हणजे तीही एक उतरंडच! तिच्यावर दिवा तीन तास जळला, तरी दाब बाराच्या वरच होता. ती महाग आहे, तिला संरक्षक मंडल आणि तिचाच चार्जर लागतो. तरी शिकवणीच्या पैशांतून मी तीच घेतली.

यंदा पुन्हा गडावर जायचे आहे. त्या दोन मित्रांनी येण्याचे कबूल केले आहे. निघण्याच्या आदल्या रात्री मी नुसता मीटर पाहणार नाही, अर्धा तास दिवा लावून बसेन, आणि मग बॅटरी पुन्हा भरून पाठपिशवीत ठेवीन.