जॉन जे आणि वादळी करार

ज्याने देशासाठी करार केला, त्याच्याच पुतळ्याला लोकांनी आग लावली, असे तुम्ही कधी ऐकले आहे का? अमेरिकेत असे घडले. त्या माणसाचे नाव जॉन जे.

जॉन जे यांचा जन्म १२ डिसेंबर १७४५ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. ते वकील झाले आणि पुढे स्वातंत्र्याच्या लढ्यात सामील झाले. इंग्रजांशी १७८३ साली झालेला पॅरिसचा तह घडवून आणणाऱ्यांत ते होते. १७८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी त्यांना देशाचे पहिले सरन्यायाधीश नेमले.

नवे प्रजासत्ताक अजून दुबळे होते. इंग्रजांचे आरमार अमेरिकेची व्यापारी जहाजे पकडत होते. अमेरिकेच्या हद्दीतील काही किल्लेही इंग्रजांनी सोडले नव्हते. युद्ध टाळण्यासाठी वॉशिंग्टन यांनी १७९४ मध्ये जे यांना लंडनला पाठवले. १९ नोव्हेंबरला करार झाला. इंग्रजांनी किल्ले सोडण्याचे कबूल केले. भारतातील आपल्या बंदरांत अमेरिकन जहाजांना व्यापाराची परवानगीही दिली. पण इंग्रज अमेरिकन खलाशांना जबरदस्तीने आपल्या आरमारात नेत असत. ते थांबवण्याबद्दल करारात एक शब्दही नव्हता!

जून १७९५ मध्ये सेनेट या सभागृहात बंद दाराआड चर्चा झाली. २० मते बाजूने व १० विरुद्ध पडली. दोनतृतीयांश मतांची अट जेमतेम पूर्ण झाली. मग वर्तमानपत्राने करार छापला आणि लोक खवळले. ठिकठिकाणी सभा झाल्या, जे यांचे पुतळे जाळले गेले. न्यूयॉर्कमध्ये कराराची बाजू मांडणाऱ्या अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्यावर दगड फेकले गेले. हॅमिल्टन यांनी लेखणी हाती घेतली व लेखांमागून लेख लिहून उत्तर दिले. शेवटी १७९६ मध्ये प्रतिनिधी सभागृहाने करारासाठी लागणारा पैसा ५१ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर केला. त्याच वर्षी इंग्रजांनी किल्ले सोडले.

जे १७९५ मध्ये न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर झाले होते. त्यांच्या स्वतःच्या घरी गुलाम होते. तरीही १७९९ मध्ये त्यांनी राज्यातील गुलामगिरी हळूहळू संपवणाऱ्या कायद्यावर सही केली. १७ मे १८२९ रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, कराराला विरोध करणारेही देशाचे शत्रू नव्हते. खलाशांविषयीची त्यांची तक्रार खरी होती. पण या वादाचा निकाल दगडांनी लागला नाही. तो मतांनी लागला. तुमच्या वर्गात मतभेद झाला, तर तुम्ही तो कसा मिटवाल?