दादाभाईंचा हिशेब

मुलांनो, नाहूर स्टेशनवर गाडी पकडून तुम्ही कधीतरी शेवटच्या स्टेशनापर्यंत, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत गेला असाल. स्टेशनाबाहेर पडले की एक मोठा रस्ता दक्षिणेकडे हुतात्मा चौकाकडे जातो. दोन्ही बाजूंना जुन्या दगडी इमारती आणि त्यांच्या कमानींखाली फेरीवाले. या रस्त्याला सगळे डी. एन. रोड म्हणतात. त्याच्या टोकाला, फ्लोरा फाउंटनजवळ, ज्यांचा पुतळा आहे तेच हे 'डी. एन.', म्हणजे दादाभाई नौरोजी.

तुमच्या वस्तीत नगरसेवक, आमदार किंवा खासदार यांचा कार्यअहवाल कधी वाटला गेला असेल. आपण काय केले, कोणता प्रश्न सभागृहात मांडला, कोणते काम राहिले, हे लोकप्रतिनिधीने त्यात सांगायचे असते. थोडक्यात, लोकांना हिशेब द्यायचा असतो. (मराठीतला 'हिशेब' आणि उर्दूतला 'हिसाब' हे एकाच घरातले शब्द आहेत, हे तुम्ही ओळखलेच असेल.) दादाभाईंना असा हिशेब एकाच वेळी दोन देशांतल्या लोकांना द्यावा लागला. एका देशातल्या लोकांनी त्यांना मते दिली होती. दुसऱ्या देशातल्या लोकांना मत देण्याचा अधिकारच नव्हता.

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ रोजी एका गरीब पारशी कुटुंबात झाला. ते चार वर्षांचे असताना वडील वारले. आई माणेकबाई स्वतः शिकलेल्या नव्हत्या, पण मुलाला शिकवायचेच असा त्यांनी निश्चय केला. मुंबईतल्या ज्या शाळेत दादाभाई शिकले तिथे फी नव्हती. फी असती तर त्यांचे शिक्षण तिथेच थांबले असते. आपले शिक्षण लोकांच्या पैशांतून झाले आहे, तेव्हा ते ऋण लोकांची सेवा करूनच फेडले पाहिजे, असे त्यांच्या मनाने तेव्हाच घेतले. पुढे ते एल्फिन्स्टन संस्थेत गणित शिकवू लागले आणि तिथले पहिले भारतीय प्राध्यापक झाले. १८४९ साली त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी मुलींसाठी शाळा सुरू केल्या. मुलींनी लिहायला-वाचायला शिकावे ही गोष्ट त्या काळी अनेकांना मुळीच पसंत नव्हती. तरीही ही तरुण मंडळी सकाळी स्वतःच्या कामाआधी, पगार न घेता, या मुलींना शिकवत असत.

१८५१ मध्ये त्यांनी एक गुजराती वर्तमानपत्र काढले. त्याचे नाव होते 'रास्त गोफ्तार'. इतर शाळांतल्या मुलांना या नावाचा अर्थ समजावून सांगावा लागतो. तुम्हांला तो सांगायची गरज नाही. रास्त म्हणजे खरे आणि गुफ्तार म्हणजे बोलणे. खरे बोलणारा!

१८५५ मध्ये व्यापाराच्या कामासाठी दादाभाई लंडनला गेले. त्यानंतर पन्नास वर्षे ते मुंबई आणि लंडन यांच्यामध्ये ये-जा करत राहिले. लंडनमध्ये त्यांच्या ध्यानात आले की, हिंदुस्थानावर राज्य करणाऱ्या देशातल्या सामान्य माणसाला हिंदुस्थानाविषयी जवळजवळ काहीच ठाऊक नाही. गणिताचे प्राध्यापकच ते, तेव्हा त्यांनी सरकारचेच आकडे घेऊन मांडणी केली. ब्रिटिशांच्या ताब्यातल्या मुलखात वर्षभरात जे पिकते आणि तयार होते, त्याची किंमत माणशी अवघी वीस रुपये येते, असे त्यांनी दाखवून दिले. मग त्यांनी तुरुंगांचे अहवाल पाहिले. कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकारचा वर्षाचा खर्च वीस रुपयांपेक्षा जास्त होता. म्हणजे गुन्हा करून तुरुंगात गेलेल्या माणसाला जेवढे मिळते, तेवढेही कष्ट करून जगणाऱ्या माणसाच्या वाट्याला येत नव्हते. १८७६ मध्ये त्यांनी हा हिशेब जाहीर वाचून दाखवला. मला विचाराल तर त्यांच्या साऱ्या कामात हे गणित सर्वांत जबरदस्त आहे. भाषणाला उत्तर देता येते, पण सरकारच्याच आकड्यांना सरकार काय उत्तर देणार?

१८८५ मध्ये दादाभाईंची मुंबईच्या कायदेमंडळावर नेमणूक झाली. त्या काळी अशा सभासदांना लोक निवडून देत नसत, तर गव्हर्नर नेमत असे. सरकार जे विधेयक पुढे ठेवील त्यावर बोलायचे, एवढाच त्यांचा अधिकार होता. सरकारला प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. हिंदुस्थानाविषयीचे खरे निर्णय लंडनला, ब्रिटिश पार्लमेंटमध्ये होत असत. तेव्हा तिथेच जाऊन बोलले पाहिजे, असे दादाभाईंनी ठरवले.

पण तिथे जायचे तर इंग्लंडमधल्या मतदारांनी निवडून द्यायला हवे होते. १८८६ मध्ये लंडनच्या होबर्न भागातून ते उभे राहिले. पारशी पगडी उतरवून इंग्रजी टोपी घाला, असा सल्ला त्यांना मित्रांनी दिला आणि त्यांनी तोही मानला. तरीही ते हरले. १८८८ मध्ये पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी यांनी एका भाषणात या पराभवाचा उल्लेख केला आणि इंग्लंडमधले लोक काळ्या माणसाला निवडून देतील असे आपल्याला वाटत नाही, अशा अर्थाचे बोलून ते मोकळे झाले. या बोलण्यावर देशभर टीका झाली. दादाभाईंचा वर्ण पंतप्रधानांपेक्षाही उजळ आहे, अशी थट्टाही झाली. ज्यांनी दादाभाईंचे नाव कधी ऐकले नव्हते, त्यांनाही ते माहीत झाले.

याच सुमारास लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी भागातून लिबरल पक्षातर्फे उभे राहण्याची तयारी दादाभाईंनी सुरू केली. या मतदारसंघातल्या क्लार्कनवेल भागात घड्याळे आणि दागिने बनवणारे कारागीर राहत. चार वर्षे दादाभाई त्यांच्यामध्ये फिरले. आयर्लंडचे पुढारी त्यांच्या पाठीशी होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही त्यांना पाठिंबा दिला. जुलै १८९२ मध्ये निकाल लागला. दादाभाई जिंकले होते, पण अवघ्या पाच मतांनी! त्यांचे आडनाव इंग्रजांच्या जिभेवर नीट बसत नसे, म्हणून काहींनी त्यांना गमतीने 'नॅरो मेजॉरिटी', म्हणजे निसटते बहुमत, असेच नाव पाडले. पार्लमेंटमध्ये शपथ घेताना त्यांच्या हातात पारशी धर्माचा ग्रंथ खुर्दे अवेस्ता होता. तेव्हा त्यांचे वय सहासष्ट वर्षांचे होते.

आता इथे थोडे थांबा आणि विचार करा. फिन्सबरीच्या मतदारांनी त्यांना हिंदुस्थानासाठी निवडले नव्हते. आपल्या कामाचे तास, आपली घरे, आपल्या शहराचा कारभार यांविषयी बोलणारा माणूस त्यांना हवा होता. दुसरीकडे हिंदुस्थानातले कोट्यवधी लोक त्यांना आपलाच प्रतिनिधी मानत होते. पाच मतांच्या आधारावर उभा असलेला माणूस कोणाचे ऐकणार?

दादाभाईंनी दोघांचेही ऐकले. पार्लमेंटच्या सभासदाला तेव्हा पगार मिळत नसे. तो १९११ पासून मिळू लागला. तरी स्वतःचा पैसा खर्च करून ते मतदारसंघातल्या सभांना जात आणि मतदारांच्या पत्रांना उत्तरे लिहीत. कामगारांसाठी आठ तासांचा दिवस, स्त्रियांना मताचा अधिकार, आयर्लंडला स्वराज्य, लंडनच्या कारभारात सुधारणा, या गोष्टींना त्यांनी पाठिंबा दिला. आणि याच कारागिरांना ते हिंदुस्थानच्या गरिबीचा हिशेबही समजावून सांगत. हिंदुस्थान सुखी झाला तर तिथला माणूस तुमचाही माल विकत घेईल, हे त्यांचे म्हणणे व्यापार जाणणाऱ्या लोकांना पटण्यासारखे होते.

इकडे हिंदुस्थानाला खबर पोहोचवायची ती बोटीने. आठवड्याची टपाल सुएझमार्गे मुंबईला यायला दोन-तीन आठवडे लागत. उत्तर जायला पुन्हा तेवढेच. मुंबईहून दिनशा वाच्छा दादाभाईंना सतत पत्रे लिहीत. इथे काय चालले आहे ते त्या पत्रांतून लंडनला कळे, आणि तिथे काय झाले ते दादाभाईंच्या पत्रांतून इथे कळे. काँग्रेसच्या लंडनमधल्या समितीने १८९० मध्ये 'इंडिया' नावाचे नियतकालिक सुरू केले होते. पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानाविषयी काय घडले, याची माहिती त्यात येत असे. आणि घडत तरी किती होते? एवढ्या मोठ्या देशाच्या अंदाजपत्रकाची चर्चा अधिवेशनाच्या अगदी शेवटी, सभासद सुटीवर निघून गेल्यावर होई. दादाभाई आकडे मांडत आणि समोर बाकडी रिकामी असत.

तरी एक मोठे काम झाले. वरिष्ठ सरकारी अधिकारी निवडण्यासाठी इंडियन सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा घेतली जाई. ती फक्त लंडनमध्येच होई. नियमाने ती भारतीयांनाही खुली होती. पण हुशार मुलाच्या बापाला लंडनचा खर्च कुठून परवडणार? ही परीक्षा हिंदुस्थानातही त्याच वेळी घ्यावी, अशी दादाभाईंची जुनी मागणी होती. २ जून १८९३ रोजी त्यांचे सहकारी हर्बर्ट पॉल यांनी तसा ठराव पार्लमेंटमध्ये मांडला. सरकारचा विरोध असतानाही तो ८४ विरुद्ध ७६ मतांनी मंजूर झाला.

त्याच वर्षी लाहोरच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद दादाभाईंना देण्यात आले. त्यासाठी लंडन सोडून जायचे तर मतदारांना विचारायला हवे. फिन्सबरीच्या पक्षसंस्थेने त्यांना आनंदाने निरोप दिला, आणि शिवाय एक ठरावही त्यांच्या हाती दिला. त्यात त्यांनी दादाभाईंच्या कामाविषयी समाधान व्यक्त केले होते, काँग्रेसला सहानुभूती कळवली होती आणि परीक्षेच्या ठरावाची अंमलबजावणी लवकर व्हावी अशी इच्छा दर्शवली होती. लंडनच्या घड्याळवाल्यांचा आणि सोनारांचा निरोप घेऊन त्यांचा खासदार बोटीत बसला!

डिसेंबर १८९३ मध्ये ते मुंबईत उतरले तेव्हा स्वागताला अफाट गर्दी लोटली होती. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात याच मुंबईत हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल झाली होती, हे लक्षात ठेवा. मग लाहोरला अध्यक्षीय भाषणात दादाभाईंनी आधी फिन्सबरीचे आभार मानले आणि तिथला ठराव सर्वांना वाचून दाखवला. आयर्लंडचे सभासद आपल्या पाठीशी आहेत, हा निरोपही सांगितला. पार्लमेंटमध्ये काय झाले, काय होऊ शकले नाही, तेही सांगितले. आणि कोणी हिंदू असो, मुसलमान असो, पारशी असो की ख्रिस्ती, तो सर्वांत आधी भारतीय आहे, असे बजावले.

यापुढची हकिकत सुखाची नाही. पार्लमेंटचा ठराव असूनही सरकारने परीक्षा हिंदुस्थानात घ्यायला नकार दिला. १८९५ च्या निवडणुकीत देशभर लिबरल पक्षाची पीछेहाट झाली आणि दादाभाईही फिन्सबरीतून पडले. पाच मतांचा आधार तो किती टिकणार?

सभासदत्व गेले, पण हिशेब मांडणे थांबले नाही. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी १८९५ मध्ये वेल्बी आयोग नेमला गेला, त्यात दादाभाई सभासद होते. अशा शाही आयोगावर बसणारे ते पहिले भारतीय. १८९७ मध्ये पुण्याचे तरुण प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले यांनी याच आयोगापुढे साक्ष दिली. १९०१ मध्ये दादाभाईंचे हिंदुस्थानच्या गरिबीवरचे मोठे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९०६ मध्ये ते तिसऱ्यांदा काँग्रेसचे अध्यक्ष झाले. कलकत्त्याच्या त्या अधिवेशनात एक्क्याऐंशी वर्षांच्या दादाभाईंचा आवाज पुरेना, म्हणून त्यांचे भाषण मुख्यतः गोखल्यांनी वाचले. स्वराज्य ही मागणी त्यात स्पष्ट शब्दांत होती.

१९०७ मध्ये ते कायमचे मुंबईला परतले आणि वर्सोव्याला समुद्राकाठी राहिले. आज तुम्ही नाहूरहून घाटकोपरला उतरून मेट्रोने तासाभरात वर्सोव्याला पोहोचता. तेव्हा ते शहरापासून दूरचे, शांत गाव होते. तिथेही त्यांचा पत्रव्यवहार चालू होता. ३० जून १९१७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी जपून ठेवलेली सुमारे तीस हजार पत्रे आणि कागद आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

आणि ती परीक्षा? दादाभाई गेल्यानंतर पाच वर्षांनी, १९२२ मध्ये, ती प्रथमच हिंदुस्थानात झाली. केंद्र होते अलाहाबाद.