स्वतः कातलेल्या सुताची धोतरजोडी

गिरगावात राहणाऱ्या अवंतिकाबाई गोखले यांचा एक नेम होता. महात्मा गांधींच्या वाढदिवसाला त्या दरवर्षी एक धोतरजोडी भेट देत. ती बाजारातून घेतलेली नसे. तिचे सूत अवंतिकाबाईंनी स्वतः कातलेले असे. गांधीजींना भेटी देणाऱ्यांची वाण नव्हती. मानपत्रे, चांदीच्या पेट्या, दागिने, पैशांच्या थैल्या असे बरेच काही येई आणि त्यातले बहुतेक सार्वजनिक फंडात जमा होऊन जाई. ही धोतरजोडी मात्र नेसण्यासाठीच असे. वर्षभर रोज थोडे थोडे सूत निघाल्याशिवाय ती तयार होण्यासारखी नव्हती.

अवंतिकाबाईंचा जन्म १७ सप्टेंबर १८८२ रोजी इंदूरला झाला. वडील विष्णुपंत जोशी हे मूळचे तासगावचे. माहेरी त्यांचे नाव कृष्णा होते. १८९१ मध्ये, म्हणजे वयाच्या नवव्या वर्षी, बबनराव गोखले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. लग्नापूर्वी शाळेचे तोंड पाहण्याचा प्रश्नच नव्हता. अक्षरओळख झाली ती सासरी. बबनराव पुढे अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेले, आणि इकडे अवंतिकाबाई घरच्या घरी लिहा-वाचायला शिकल्या. नंतर त्यांनी मुंबईत परिचारिकेचे व सुइणीचे शिक्षण घेतले. त्या काळी उच्चवर्णीय घरातील सुनेने सुइणीचे काम शिकणे ही साधी गोष्ट नव्हती. बाळंतपण म्हणजे विटाळ, आणि परक्यांच्या, त्यातही परजातीच्या बाळंतपणाला जाणे म्हणजे घराण्याला कमीपणा, अशी समजूत होती. पुढच्या आयुष्यात त्यांच्या हातून जे काही झाले त्याची मुळे या शिक्षणात शोधावी लागतात. हाताने करायचे कोणतेही काम त्यांना हलके वाटले नाही.

१९१३ साली इचलकरंजीच्या राणीसाहेबांच्या सोबतीस म्हणून त्या इंग्लंडला जाऊन आल्या. परतल्यावर परळ भागातील गिरणी कामगारांच्या वस्तीत त्या स्त्रियांसाठी काम करू लागल्या. बाहेर दहा-बारा तास यंत्रांवर सूत निघत होते आणि चाळीच्या खोलीत बाळंतीण धुराने कोंडलेल्या अंधारात पडलेली असे. मुंबईच्या या दोन बाजू त्यांनी जवळून पाहिल्या. चरख्याकडे त्या वळल्या त्याच्या कितीतरी आधी कापडाची ही दुसरी बाजू त्यांच्या परिचयाची झाली होती, हे विसरता येत नाही.

१९१६ च्या लखनौ काँग्रेसच्या सुमारास त्या गांधीजींच्या संपर्कात आल्या. पुढच्याच वर्षी चंपारणमधील निळीच्या शेतकऱ्यांच्या चौकशीला हात घातल्यावर गांधीजींना तिथल्या खेड्यांत शाळा काढाव्याशा वाटल्या आणि त्यांनी स्वयंसेवकांसाठी हाक दिली. महाराष्ट्रातून जी मंडळी गेली त्यांत बेळगावचे बाबासाहेब सोमण आणि पुंडलीक, पुण्याच्या आनंदीबाई वैशंपायन आणि मुंबईचे गोखले दांपत्य होते. १३ नोव्हेंबर १९१७ रोजी बडहरवा या गावी पहिली शाळा सुरू झाली. बबनराव, अवंतिकाबाई आणि गांधीजींचे धाकटे चिरंजीव देवदास यांच्याकडे ती सोपवण्यात आली.

या शाळेचे स्वरूप फार वेगळे होते. शिक्षकांना पगार नव्हता. राहायला जागा आणि शिधा गावाने द्यायचा, आणि तो रांधायचा शिक्षकांनी. लिहिण्या-वाचण्यापेक्षा स्वच्छता आणि वागण्याची रीत शिकवावी अशी गांधीजींची अपेक्षा होती. औषधेही तीनच: एरंडेल, क्विनाइन आणि गंधकाचे मलम. चंपारणला येणाऱ्या बिहारी वकिलांचे सुरुवातीला प्रत्येकाचे वेगळे स्वयंपाकघर आणि वेगळा आचारी असे. तेही गांधीजींनी बंद करून सर्वांची एकच पंगत केली होती. जातिभेदाविरुद्ध शंभर व्याख्याने देऊन जे साधले नसते ते एका सामाईक चुलीने साधले. स्वयंपाकघर ही राजकारणाची जागा असू शकते, हे अवंतिकाबाईंनी इथे पाहिले. पुढे मुंबईत त्याचा त्यांना उपयोग झाला.

बिहारच्या खेड्यात मराठी बाईने हिंदीतून मुलांना शिकवायचे ही अडचण होतीच. ती फार काळ टिकली नाही. अवंतिकाबाईंची शाळा ही आदर्श शाळा ठरली, अशी नोंद गांधीजींनी आपल्या आत्मचरित्रात केली आहे. एका वाक्यापुरतीच असली तरी आत्मचरित्रात अशी प्रशंसा वाट्याला येणारी माणसे मोजकीच आहेत. गावातील स्त्रियांपर्यंत पोहोचण्याची वाटही या स्त्री-शिक्षिकांमुळेच मोकळी झाली. परिचारिकेचे शिक्षण इथे कामी आले असणार हे वेगळे सांगायला नको.

मुंबईला परत आल्यावर १९१८ मध्ये त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे मराठीतील गांधीजींचे पहिले चरित्र लिहिले. त्याला प्रस्तावना लोकमान्य टिळकांची होती. उशिरा अक्षरओळख झालेल्या एका स्त्रीच्या पुस्तकाला टिळकांची प्रस्तावना आणि तीही ज्यांच्याशी त्यांचे मार्ग जुळत नव्हते अशा पुढाऱ्याच्या चरित्राला, हा योग मराठी ग्रंथव्यवहारात दुर्मीळच म्हणायला हवा. दुसरी गोष्ट म्हणजे गिरगावात स्थापन केलेला हिंद महिला समाज. गिरगावच्या चाळींत तेव्हा हळदीकुंकू, मंगळागौर, संक्रांतीचे वाण अशा निमित्तांनीच काय त्या स्त्रिया एकत्र येत. सार्वजनिक सभेला बाईने जाणे अजून अंगवळणी पडलेले नव्हते; हळदीकुंकवाला जायला मात्र कोणाची हरकत नसे. स्वदेशीचा प्रचार करणाऱ्या स्त्रियांनी या रूढीचाच उपयोग करून घेतला. अवंतिकाबाईंच्या समाजाचे काम याच वातावरणात रुजले आणि तो समाज त्यांनी अखेरपर्यंत सांभाळला.

१९२१ साली चळवळीचे रूप बदलले. ३१ जुलै रोजी परळला उमर सोबानी यांच्या गिरणीच्या आवारात विदेशी कापडाची मोठी होळी झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मदुराई येथे गांधीजींनी अंगरखा आणि टोपी सोडून आखूड पंचा नेसायचे ठरवले. कपाटातले कापड जाळणे एका संध्याकाळचे काम. त्याच्या जागी नवे कापड आणणे हे वर्षानुवर्षांचे. खादी तेव्हा जाडीभरडी होती. नऊवारी लुगडे खादीचे असेल तर ते नेसून वावरताना आणि विशेषतः धुताना काय होत असेल याची कल्पना ज्यांनी ते ओले उचलले त्यांनाच. शिवाय ती गिरणीच्या कापडापेक्षा महाग पडे. गिरगावातल्या मध्यमवर्गीय बायकांनी खादीकडे पाठ फिरवली असेल तर त्यांना सर्वस्वी दोष देता येणार नाही. स्वतः कातणे हा त्यावरचा उपाय होता, पण तो सोपा नव्हता.

किती अवघड, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. चरख्यावरील सुताची एक गुंडी ६४० तारांची आणि एक तार चार फुटांची, म्हणजे गुंडीत साडेआठशे वारांहून थोडे अधिक सूत येते. एक चौरस वार खादीला ताणा-बाणा मिळून साधारण साडेतीन ते चार गुंड्या लागतात. गांधीजी नेसत तेवढ्या आखूड धोतराला तीन चौरस वार कापड धरले तरी जोडीसाठी वीस-बावीस गुंड्या सूत हवे. सवयीच्या हाताला तासाला अर्धी गुंडी जमते. म्हणजे नुसते कातण्याचेच चाळीसहून अधिक तास झाले. त्यात कापूस पिंजणे, पेळू करणे, तुटलेला धागा जोडणे हे आलेच. धागा एकसारखा आणि पिळाचा नसेल तर विणकर ते सूत मागावर घ्यायला तयार होत नसे. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये सभासदत्वासाठी महिन्याला २,००० वार सुताची अट घालण्यात आली, तेव्हा भलेभले पुढारी गळाठले. ती अट वर्षभरही नीट टिकली नाही. अवंतिकाबाईंचा नेम टिकला.

या भेटीच्या दिवसाबद्दल एक गोष्ट मौजेची आहे. गांधीजींचा जन्म तिथीने भाद्रपद वद्य द्वादशीचा. गुजरातेत ती रेंटिया बारस म्हणून आणि आपल्याकडे चरखा द्वादशी म्हणून कातून साजरी होऊ लागली. हा काळ नेमका पितृपक्षाचा. जुन्या वळणाच्या घरांत या पंधरवड्यात नवे वस्त्र घेत नाहीत की शुभकार्य करीत नाहीत. एरवी गणपती उठल्यावर नवरात्रापर्यंत गिरगाव जरा सुस्तावलेलेच असे. त्याच दिवसांत चरखे फिरू लागले आणि नव्या कापडाची भेट जाऊ लागली. याविरुद्ध कोणी मोर्चा काढला नाही की कोणी त्याचे समर्थनही छापले नाही. नवा सण आला आणि जुन्या नियमाच्या शेजारी येऊन बसला.

अवंतिकाबाई केवळ चरख्यापाशी बसून राहिल्या असे नव्हे. १९२३ साली मुंबई महापालिकेत प्रथमच चार स्त्रिया आल्या. सरोजिनी नायडू, बच्चूबाई लोटवाला आणि श्रीमती हॉजकिन्सन यांच्याबरोबर त्यांत अवंतिकाबाई होत्या. नावलौकिकात सरोजिनीबाई अर्थातच पुढे. मुंबईच्या चाळींची आणि बाळंतिणींच्या खोल्यांची माहिती मात्र अवंतिकाबाईंना अधिक होती.

मग १९३० चा एप्रिल उजाडला. मिठाचा कायदा मोडण्यासाठी मुंबईत सत्याग्रहींची जी पहिली तुकडी निवडली गेली तिच्या सात जणांत दोन स्त्रिया होत्या. एक सत्तावीस वर्षांच्या कमलादेवी चट्टोपाध्याय आणि दुसऱ्या सत्तेचाळीस वर्षांच्या अवंतिकाबाई. दांडीयात्रेत स्त्रियांना घेतले नव्हते, त्यामुळे या निवडीला विशेष महत्त्व होते. मीठ तयार करण्याची कृती कोणत्याही गृहिणीला सांगावी लागली नाही. समुद्राचे पाणी भरायचे, चूल पेटवायची, पाणी आटवायचे. भातुकलीतही शोभेल इतका साधा हा स्वयंपाक आणि तोच सरकारच्या लेखी गुन्हा. थोड्याच दिवसांत गिरगावच्या काँग्रेस हाउसच्या गच्चीवर मिठाची वाफे तयार झाले आणि ते मोडायला पोलीस गच्चीवर चढू लागले. बायका घरातली भांडी घेऊन किनाऱ्यावर गेल्या आणि पाणी भरून घरी आल्या. घरात आटवलेल्या मिठाच्या पुड्या रस्त्यावर लिलावाने विकल्या गेल्या, त्यांना बाजारभावाच्या कितीतरी पट पैसे आले. चंपारणची सामाईक चूल आता रस्त्यावर आली होती. त्या लढ्यात अवंतिकाबाईंना तुरुंगवासही घडला.

इतके असूनही आज मुंबईत त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही. त्यांचा पिंड सभा गाजवण्याचा नव्हता आणि सरोजिनीबाई, कमलादेवी यांच्यासारखी इंग्रजीत कीर्ती त्यांना मिळाली नाही. शिवाय त्यांचे बरेचसे काम असे की ते वापरून संपून जाते. कातलेले सूत धोतर होऊन विरून गेले, मीठ जेवणात गेले, सुईण म्हणून हाती घेतलेली मुले मोठी होऊन आपापल्या वाटेने गेली. चरित्रकाराच्या हाती लागावे असे त्यात थोडेच उरते. गांधीचरित्र तेवढे ग्रंथालयांतून शिल्लक आहे.

३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. त्या वर्षीची भाद्रपद वद्य द्वादशी अवंतिकाबाईंनी पाहिली, पण ज्यांच्यासाठी सूत कातायचे ते राहिले नव्हते. २६ मार्च १९४९ रोजी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, अवंतिकाबाईंचे निधन झाले. तोपर्यंत एकतीस वर्षे हिंद महिला समाजाची धुरा त्यांच्याकडेच होती.