कै. डॉ. जस्टिन ॲबट यांचे स्वदेशगमन

मोहन्याकडील आमचे काही वाचक विचारतात की, जे मिशनरी सारी उमेद या देशात खर्चून उतारवयी जन्मदेशी परत गेले, त्यांचे तेथे पुढे काय झाले? प्रश्न रास्त आहे. रेयॉनच्या कारखान्यापायी ज्या मोहन्यात दूरदूरची माणसे येऊन राहिली, तेथल्या लोकांस हे निराळे सांगावयास नको की, पुष्कळ वर्षांनी परतलेल्यास त्याचे स्वतःचे गावही परके वाटते. या प्रश्नाचे उत्तर आम्ही एका चरित्राने देतो.

जस्टिन ॲबट यांचा जन्म सन १८५३ मध्ये अमेरिकेतील पोर्टस्मथ शहरी झाला. वडील रे. एमस ॲबट हे अमेरिकन मराठी मिशनचे अहमदनगरकडील मिशनरी; ते काही वर्षे स्वदेशी गेले असता हा पुत्र झाला. पुढे आईबापांबरोबर तो बालपणीच नगर जिल्ह्यात आला, आणि मराठी त्याच्या कानी खेळण्याच्या वयातच पडली. तेव्हा त्याचा स्वदेश कोणता म्हणावा, हे आम्हांस तरी ठरविता येत नाही. उच्च शिक्षण अमेरिकेत घेऊन ते सन १८८१ च्या सुमारास मिशनरी म्हणून परत आले व १९१० पर्यंत त्यांनी मुख्यत्वे मुंबईस सेवा केली.

मग वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी ते न्यूयॉर्कजवळील समिट नावाच्या गावी जाऊन राहिले. तेथे मराठीत उत्तर देणारा शेजारी कोठून मिळणार! परतलेल्या मिशनऱ्याने मंडळ्यांपुढे उभे राहून परदेशातील अंधाराचे वर्णन करावे, अशी तिकडच्या पुष्कळ श्रोत्यांची अपेक्षा असे. ॲबट साहेबांनी आपले उतारवय निराळ्या कामी लाविले. महाराष्ट्रातील संतांची चरित्रे व काव्ये इंग्रजीत आणावयाची, हा त्यांनी संकल्प केला. ख्रिस्ती उपदेशकाने हे का करावे, असे काही बांधवांस वाटेल. आमच्या मते, ज्या लोकांत आपण राहिलो त्यांचे उत्तम ते आपल्या देशबांधवांस दाखविणे हाही खरी साक्ष देण्याचाच भाग होय.

मालेचे पहिले पुस्तक ‘भानुदास’ १९२६ साली निघाले, तेव्हा साहेबांनी सत्तरी ओलांडली होती. त्यानंतर एकनाथ, दासोपंत, बहिणाबाई (१९२९), तुकाराम (१९३०) व रामदास (१९३२) यांवरील पुस्तके आली. पुष्कळ मजकूर महिपतीचा. हा कवी राहुरीजवळच्या ताहराबादचा, म्हणजे साहेबांचे बालपण ज्या जिल्ह्यात गेले तेथलाच. भाषांतर करणारा समिटला आणि छापखाना पुण्यास. त्या काळचे टपाल आगबोटीचे, तेव्हा एका शंकेच्या उत्तरास किती आठवडे लागत असतील याचा वाचकांनीच हिशेब करावा. पंडित नरहर गोडबोले हे मोठ्या ग्रंथांत त्यांचे सहभाषांतरकार होते.

त्यांचे सर्वच निर्णय टिकले असे नाही. फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाची देवनागरी प्रत लंडनमध्ये आहे. तीच मूळ होय, असे त्यांनी १९२३ साली लिहिले. ते मत पुढे सर्वांस मान्य झाले नाही. तथापि त्या प्रतीकडे विद्वानांचे लक्ष गेले ते त्यांच्यामुळे.

सन १९३२ मध्ये ते वारले. महिपतीच्या भक्तविजयाचे भाषांतर तेव्हा छापून झाले नव्हते. ते १९३३ व १९३४ साली दोन भागांत पुण्याहून प्रसिद्ध झाले, आणि भक्तलीलामृताचे १९३५ साली.