लोहाराचा पुत्र मायकेल फॅरडे

ज्या पुरुषाचे नाव एखाद्या मापाला दिले जाते, तो एका अर्थी मृत्यूनंतरही जगाच्या नित्य व्यवहारात वावरत असतो. परंतु ते नाव उच्चारणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्याच्या चरित्राची ओळख असते. आमचे तळवडे इंद्रायणीच्या काठी, देहूहून आळंदीस जाणाऱ्या वाटेवर वसलेले आहे. एके काळी शेतीवर निर्वाह करणाऱ्या या गावाभोवती आज लघुउद्योगांचे कारखाने उभे आहेत, जवळच सॉफ्टवेअर पार्क आहे, आणि भोसरीपासून चाकणपर्यंत यंत्रांचा घोष अहोरात्र चालू असतो. या यंत्रांच्या पोटात जे कंडेन्सर असतात, त्यांपैकी मोठ्या आकाराच्या कंडेन्सरांवर मायक्रोफॅरड या मापाचे चिन्ह छापलेले आढळते. आमच्या वाचकांपैकी कित्येकांचे वडील व वडीलबंधू हे चिन्ह रोज पाहत असतील. ते ज्यांच्या नावावरून आले त्या मायकेल फॅरडे यांचे चरित्र, व त्यातही विजेच्या धारणेविषयीचे त्यांचे कार्य, प्रस्तुत लेखात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

मायकेलचा जन्म 22 सप्टेंबर 1791 रोजी लंडन शहराच्या दक्षिणेस न्यूइंग्टन बट्स येथे झाला. पिता जेम्स हा लोहार असून त्याची प्रकृती नेहमी नादुरुस्त असे. त्यामुळे भाता कित्येक दिवस बंद राही आणि घरात चार मुलांच्या मुखी घालावयास पुरेसे अन्न नसे. 1801 साली धान्य अतिशय महाग झाले. त्या वेळी मायकेलला एक पाव मिळे व तो त्याने आठवडाभर पुरवावयाचा असे. शाळेत त्याला वाचन, लेखन व थोडे अंकगणित यांपलीकडे काही शिकावयास मिळाले नाही. तेराव्या वर्षी तो जॉर्ज रीबो नामक पुस्तकविक्रेत्याच्या दुकानी हरकाम्या म्हणून राहिला. वर्तमानपत्रे लोकांच्या घरी वाचावयास नेऊन द्यावी व ठरल्या वेळी परत आणावी, हे त्याचे पहिले काम. पुढील वर्षी रीबोने त्याला पुस्तकबांधणी शिकण्यासाठी सात वर्षांच्या कराराने उमेदवार म्हणून ठेवून घेतले, आणि त्याच्या सचोटीवर खूष होऊन नेहमीची फी माफ केली.

बांधणीसाठी येणारी पुस्तके हीच या मुलाची पाठशाळा झाली. ब्रिटानिका विश्वकोशातील विजेवरील निबंध आणि जेन मार्सेट या विदुषीने रसायनशास्त्रावर लिहिलेले संवादात्मक पुस्तक या दोहोंनी त्याच्या मनाची पकड घेतली. वाचलेले खरे की खोटे हे स्वतः करून पाहिल्यावाचून त्याला चैन पडत नसे. भंगाराच्या दुकानातून काही पेन्सना घेतलेल्या बाटल्यांपासून त्याने विद्युत्-यंत्र व लेडनची बरणी तयार केली. ही बरणी म्हणजे जगातील पहिला कंडेन्सर होय. काचेच्या बरणीस आतून व बाहेरून धातूचा पातळ पत्रा लावला, म्हणजे तीत वीज साठवून ठेवता येते, हा शोध 1745-46 च्या सुमारास लागला होता. दोन धातू व त्यांमध्ये वीज वाहू न देणारा पदार्थ, एवढीच कंडेन्सरची रचना. आणि ठराविक दाबाला त्यात किती वीज मावते, ती त्याची धारणा. याच धारणेचे मर्म पुढे त्या मुलाने जगाला उकलून दाखवावयाचे होते.

1812 साली दुकानाच्या एका ग्राहकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील सर हम्फ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. मायकेलने ती व्याख्याने टिपून घेतली, आकृत्यांसह स्वच्छ उतरली, स्वतःच्या हाताने बांधली आणि तो ग्रंथ डेव्ही यांजकडे नोकरीच्या अर्जासोबत पाठविला. डेव्ही यांनी प्रथम त्याला आपला धंदा न सोडण्याचा सल्ला दिला. परंतु थोड्याच काळात प्रयोगशाळेतील मदतनिसास भांडणावरून काढून टाकावे लागले, आणि 1 मार्च 1813 रोजी फॅरडे यांची त्या जागी नेमणूक झाली. वेतन आठवड्यास 25 शिलिंग, व राहावयास माडीवर दोन खोल्या. त्याच वर्षी डेव्ही दांपत्याबरोबर ते युरोपच्या प्रवासास निघाले. या दीड वर्षात त्यांना अँपिअर, व्होल्टा यांसारख्या पंडितांचे दर्शन घडले. परंतु डेव्हींच्या पत्नीने त्यांना घरगड्याप्रमाणे वागविले. फॅरडे यांनी हा अपमान सोसला, कारण जे शिकावयास मिळत होते ते त्यांना अधिक मोलाचे वाटत होते.

याहून कठीण प्रसंग पुढेच होता. 1821 साली, ज्या वर्षी त्यांचा सारा बार्नार्ड हिच्याशी विवाह झाला त्याच वर्षी, त्यांनी विजेच्या प्रवाहाने तार चुंबकाभोवती अखंड फिरविण्यात यश मिळविले. आजच्या सर्व विजेच्या मोटारींचे बीज यात आहे. परंतु डॉ. वोलस्टन यांची कल्पना त्यांनी नामनिर्देशावाचून उचलली, असा बोभाटा झाला. 1823 साली रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठी त्यांचे नाव पुढे आले, तेव्हा ज्या डेव्हींनी त्यांना वर आणले तेच अध्यक्षस्थानावरून विरोध करू लागले. निवडणुकीत विरोधी मत एकच पडले व फॅरडे सभासद झाले. गुरूने शिष्याचा मत्सर करावा यापरते दुःख नाही. तथापि डेव्हींविषयी अनादराचा शब्द फॅरडे यांनी काढला नाही. आपल्यावरील त्यांचे उपकार ते शेवटपर्यंत स्मरत राहिले.

29 ऑगस्ट 1831 रोजी त्यांनी लोखंडी कड्यावर दोन वेगळी वेटोळी गुंडाळून, एकीतील प्रवाह सुरू वा बंद होताच दुसरीत क्षणभर प्रवाह उत्पन्न होतो, हे पाहिले. यानंतर काही महिन्यांतच, 6 जानेवारी 1832 रोजी, मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' पत्र सुरू केले. यावरून वाचकांना त्या काळाची कल्पना येईल. जनित्र व ट्रान्सफॉर्मर यांचा उगम असलेल्या या शोधाचे वर्णन पाठ्यपुस्तकांत विपुल असल्याने आम्ही येथे त्याचा विस्तार करीत नाही. 1837 सालच्या ज्या शोधाचे वर्णन क्वचित वाचावयास मिळते, त्याकडे वळतो.

त्या काळी बहुतेक पंडितांचे मत असे होते की, वीज दुरूनच आपला प्रभाव पाडते आणि मधला पदार्थ केवळ तटस्थ राहतो. फॅरडे यांना हे पटेना. त्यांच्या मते मधल्या पदार्थाचा कण न् कण विजेच्या ताणात सहभागी होत असला पाहिजे. हे सिद्ध करण्यास त्यांनी पितळेची अगदी सारखी दोन उपकरणे करविली. प्रत्येकात एक पोकळ गोल व त्याच्या आत, त्यास न स्पर्शणारा, दुसरा लहान गोल. दोन्हींच्या पोकळीत हवाच असताना एकास वीज देऊन ते दुसऱ्यास जोडले, म्हणजे वीज दोघांत निम्मी निम्मी वाटली जाई. मग त्यांनी एका उपकरणाच्या खालच्या अर्ध्या पोकळीत लाखेची जाड वाटी बसविली. ही लाख मुख्यत्वे आपल्या हिंदुस्थानातूनच विलायतेस जात असे. आता हवेच्या उपकरणास वीज देऊन ते लाखेच्या उपकरणास जोडताच विजेचा दाब निम्म्याहूनही खाली उतरला. उलट, लाखेच्या उपकरणाची वीज हवेच्या उपकरणास वाटली, तेव्हा तो निम्म्याहून वर राहिला.

पाण्याने भरलेला अरुंद हंडा तळाशी नळीने रिकाम्या रुंद हंड्यास जोडावा, म्हणजे पाण्याची पातळी निम्म्याच्या खाली येते, तसाच हा प्रकार. पितळेचे गोल तेच, त्यांचा आकार तोच. मात्र मध्ये लाख आल्याबरोबर उपकरणाची धारणा वाढली. सर्व पोकळी लाखेने भरली तर ती हवेच्या सुमारे दुप्पट होईल, असा त्यांनी हिशेब काढला. गंधक व काच यांचेही त्यांनी मापन केले. विजेची धारणा केवळ धातूच्या आकारावर नव्हे, तर मधल्या पदार्थाच्या गुणावरही अवलंबून असते, हे तत्त्व अशा रीतीने प्रस्थापित झाले. हेन्री कॅव्हेंडिश यांस ते फॅरडेंच्याही पूर्वी आढळले होते; परंतु त्यांनी ते प्रसिद्ध केले नाही, आणि त्यांचे कागद मॅक्सवेल यांनी 1879 साली छापीपर्यंत जगाला त्याचा पत्ता नव्हता. आपले ज्ञान योग्य वेळी लोकांसमोर मांडणे हेही शास्त्रज्ञाचे कर्तव्य आहे, हे यावरून दिसून येते.

अतिश्रमाने 1839 नंतर फॅरडे यांची प्रकृती ढासळली. डोके फिरे, आणि स्मृती दगा देई. काही वर्षे त्यांना संशोधन जवळजवळ सोडावे लागले. परंतु या व्यंगावर त्यांच्याजवळ एक उपाय होता. प्रत्येक प्रयोग, मग तो साधो वा फसो, ते दैनंदिनीत लिहीत व प्रत्येक परिच्छेदास अनुक्रमांक देत. हे अनुक्रमांक अखेरीस सोळा हजारांच्या वर गेले. ज्याची स्मृती दुबळी, त्याने जगातील एक अत्यंत विश्वसनीय शोधवही मागे ठेवावी, ही गोष्ट आमच्या विद्यार्थिबंधूंनी व भगिनींनी मनात धरण्यासारखी आहे. 1845 साली त्यांनी पुन्हा उभारी धरली आणि चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो हे सिद्ध केले.

धारणेचा व्यवहारात काय प्रभाव पडतो, हे 1854 साली त्यांनी दाखविले. तारायंत्राच्या तारांवर गटापर्चा नामक चिकाचे वेष्टन घालून त्या पाण्यात टाकीत. पण त्यांतून जाणारे संदेश रेंगाळत. शंभर मैल तार पाण्यात बुडवून केलेल्या प्रयोगांवरून फॅरडे यांनी त्याचे कारण सांगितले. आत तांबे, बाहेर पाणी आणि मध्ये गटापर्चा, अशी ही तार म्हणजे एक प्रचंड लेडनची बरणीच होय. ती भरण्यास व रिकामी होण्यास वेळ लागणारच. 1870 साली मुंबई समुद्रतारेने लंडनशी जोडली गेली, तेव्हा अशा तारांच्या आखणीत धारणेचा हिशेब अटळ झाला होता.

कीर्ती आली, पण फॅरडे तिच्या आहारी गेले नाहीत. सर ही पदवी व रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी नाकारले. नाताळच्या सुटीत मुलांसाठी होणाऱ्या व्याख्यानमालांपैकी 19 मात्र त्यांनी स्वतः आनंदाने दिल्या. लहानशा पंथाचे ते श्रद्धाळू अनुयायी होते व त्याच साधेपणाने राहिले. 25 ऑगस्ट 1867 रोजी हॅम्प्टन कोर्ट येथे, राणी व्हिक्टोरियाने राहावयास दिलेल्या घरी, त्यांचे देहावसान झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीतील राजेरजवाड्यांच्या सान्निध्यात विसावण्याची त्यांची इच्छा नव्हती. हायगेटच्या दफनभूमीत साध्या शिळेखाली ते चिरनिद्रा घेत आहेत.

1881 साली पॅरिस येथील विद्युत्-परिषदेने धारणेच्या मापास 'फॅरड' हे नाव कायम केले. एक व्होल्ट दाबाला एक कूलंब वीज ज्यात मावते, त्याची धारणा एक फॅरड. हे माप किती मोठे आहे पाहा: आपली अवघी पृथ्वी एक धातूचा गोल मानली, तरी तिची धारणा सुमारे 710 मायक्रोफॅरड, म्हणजे एका फॅरडच्या हजारांशाहूनही कमी भरते. म्हणून व्यवहारात मायक्रोफॅरड व पिकोफॅरड ही लहान मापे चालतात.

आता फॅरडे यांच्या तत्त्वाला पुढील पिढ्यांनी कोणते वळण दिले ते थोडक्यात सांगतो. जुन्या रेडिओत स्टेशन लावण्याची खुंटी फिरविली, म्हणजे गँग कंडेन्सरच्या पत्र्या एकमेकींत शिरत व धारणा बदले. आजच्या सिलिकॉनच्या चिपेवर फिरणाऱ्या पत्र्यांस जागा नाही, आणि मोठा कंडेन्सर तर चिपेची बहुतेक जागाच व्यापून टाकील. तथापि हृदयाच्या ठोक्यांसारखे मंद विद्युत्-संकेत गाळून घेण्यास मोठी धारणा हवी असते. या अडचणीवरील तोड एका दोषातून निघाली. जॉन मिल्टन मिलर या अमेरिकन संशोधकाने रेडिओच्या व्हॉल्व्हचा अभ्यास करून 1920 साली असे दाखविले की, वर्धकाच्या प्रवेशद्वारापासून निर्गमद्वारापर्यंत लहानसा कंडेन्सर असला, तर प्रवेशद्वाराशी तो अनेक पटींनी मोठा भासतो. समजा, आत एक व्होल्ट चढला असता बाहेर 99 व्होल्ट उतरतात. तर कंडेन्सरच्या दोन टोकांत 100 व्होल्टांचा फरक पडतो, आणि त्यास वीजही शंभरपट पुरवावी लागते. म्हणजे 100 पिकोफॅरडचा कंडेन्सर 10,000 पिकोफॅरडचे काम करू लागला!

व्हॉल्व्हमध्ये हा उपद्रव होता. पुढील अभियंत्यांनी त्याचाच उपयोग करून धारणा-गुणक मंडले रचली. शिवाय काही वर्धकांची वर्धनशक्ती एका बारीक नियंत्रक प्रवाहावर अवलंबून असते. तो प्रवाह कमीअधिक केला की वर्धन बदलते व त्याबरोबर धारणाही बदलते. कोणताही भाग हलवावा लागत नाही. मात्र हा लाभ फुकट मिळत नाही. वर्धकास सतत वीज पुरवावी लागते, त्याची खरखर संकेतात मिसळते, आणि संकेत लहान असेल तोवरच ही गुणाकाराची किमया टिकते. या मर्यादा सांभाळून मंडल रचणे यातच कारागिराचे कसब आहे.

फॅरडे यांस उच्च गणित येत नव्हते. त्यांच्या कल्पनांस गणिताचे रूप मॅक्सवेल यांनी दिले. त्यांच्याजवळ होती ती जिज्ञासा, हाताची सफाई आणि जे पाहिले ते लिहून ठेवण्याची शिस्त. आमच्या या कारखान्यांच्या पट्ट्यात भट्टीशी, लेथशी व सोल्डरच्या कामाशी झटणाऱ्या कष्टाळू घरांतील मुलेमुली शाळेत येतात. घरच्या परिस्थितीने आपल्या पात्रतेचे माप आधीच ठरून गेले आहे, असे त्यांपैकी कोणास वाटत असेल, तर त्यांनी रीबोच्या दुकानातील त्या उमेदवाराचे स्मरण करावे. पितळेचे गोल न बदलताही त्यांची धारणा वाढते हे त्याने जगाला शिकविले. दिवसभराचे बांधणीचे काम उरकल्यावर मिळणाऱ्या थोड्या फुरसतीत त्याने काय भरले, यावर त्याचे सर्व आयुष्य घडले. आमच्या वाचकांच्या हातीही अशी फुरसत थोडीफार असतेच. तिचा त्यांनी असाच सदुपयोग करावा, एवढी इच्छा प्रदर्शित करून आम्ही हा लेख पुरा करतो.