पंडिता रमाबाई व मुक्तीतील अंध भगिनी

पंडिता रमाबाईंचे नाव ज्या घरात ठाऊक नाही असे घर आपल्या मंडळ्यांत क्वचितच सापडेल. विधवांच्या व अनाथांच्या कैवारी म्हणून त्या सर्वांस माहीत आहेत. परंतु अंध व अपंग यांच्याविषयी त्यांनी काय केले, हे थोड्यांच्याच ध्यानात असते. म्हणून त्यांच्या चरित्राची ही बाजू येथे सांगतो.

रमाबाईंचा जन्म इ. स. १८५८ च्या एप्रिल महिन्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान होते. लोकनिंदेस न जुमानता त्यांनी आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले, आणि मातेने तीच विद्या मुलीस दिली. पुढे दुष्काळात आईबाप व वडील बहीण ही उपासमारीने गेली. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास हे पायी देशभर हिंडत इ. स. १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी त्यांची विद्वत्ता पाहून त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. इ. स. १८८० साली त्यांचा विवाह झाला. परंतु दोनच वर्षांत त्या विधवा झाल्या. पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी होती.

इ. स. १८८३ साली त्या वैद्यकी शिकण्याच्या हेतूने इंग्लंडास गेल्या. त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु त्यांस ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीचा विचार सोडून द्यावा लागला. ज्या विद्येसाठी समुद्र ओलांडला तिचेच दार बंद झाले. तरी त्या निराश होऊन परतल्या नाहीत. चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या विद्यालयात त्यांनी स्वतः अध्ययन केले व संस्कृत शिकविले. पुढे त्यांचा बहिरेपणा वाढत गेला, पण काम थांबले नाही. एक इंद्रिय मंद झाले म्हणजे माणूस निरुपयोगी झाला असे नव्हे, हे त्यांच्या आयुष्यावरूनच दिसते.

इ. स. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले व पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. इ. स. १८९६-९७ साली मध्य प्रांतात घोर दुष्काळ पडला. ज्यांनी लहानपणी भूक सोसली होती, त्यांच्याने घरी बसवले नाही. त्या स्वतः तेथे गेल्या व शेकडो मुलींस घेऊन आल्या. त्यांच्यासाठी पुणे जिल्ह्यात केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. इ. स. १८९९-१९०० च्या दुष्काळात, ज्यात आपले वऱ्हाडही होरपळले, तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

या आश्रितांत अंध मुली व स्त्रियाही होत्या. दुष्काळात धडधाकट माणसासही जेथे घास मिळत नाही, तेथे आंधळ्या मुलीकडे कोण पाहणार? रमाबाईंनी त्यांस घेतले. त्यांच्यासाठी वेगळे घर करून त्यास बार्तीमी सदन हे नाव दिले. यरीहोच्या वाटेवर ज्यास लोकांनी गप्प बसण्यास दटाविले व ज्यास प्रभूने थांबून बोलावून घेतले, त्या बार्तीमयाचे हे नाव आहे.

परंतु केवळ अन्न देऊन त्या थांबल्या नाहीत. मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकल्या व अंध मुलींस ती शिकवू लागल्या. फ्रान्स देशातील लुई ब्रेल या अंध गृहस्थाने ही लिपी रचली. सहा उठावदार ठिपक्यांच्या मांडणीतून अक्षरे होतात, व ती बोटांनी वाचता येतात. मनोरमाबाईंनी अमेरिकेत ज्या विद्यालयात शिक्षण घेतले ते फ्री मेथडिस्ट मंडळीचे होते. त्याच मंडळीने आपल्या यवतमाळातही सेवा केली आहे.

रमाबाईंनी शेवटपर्यंत सोप्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले, आणि छापण्याचे काम मुक्तीतील स्त्रियांकडून करविले. इ. स. १९२१ साली मनोरमाबाई वारल्या, व ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही प्रभूमध्ये विश्रांती घेतली.

बंधुभगिनींनो, आपल्या खेड्यांत आंधळे, मुके वा पांगळे मूल असले तर पुष्कळदा त्यास घरीच ठेवतात. त्याचे शिकून काय होणार असे म्हणतात, किंवा हे पूर्वपापाचे फळ मानतात. जन्मांधाविषयी शिष्यांनी हाच प्रश्न केला असता प्रभूने ही समजूत नाकारली, हे आपण विसरू नये. आज तर कायदाही अशा मुलांच्या बाजूने आहे. इ. स. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारच्या अपंगत्वांची नोंद आहे. ज्यांचे अपंगत्व शेकडा ४० किंवा अधिक आहे, अशा ६ ते १८ वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत अथवा विशेष शाळेत विनामूल्य शिकण्याचा हक्क आहे, आणि सरकारी नोकऱ्यांत अशांसाठी किमान शेकडा ४ जागा राखून ठेवावयाच्या आहेत. यासाठी सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र घ्यावे लागते.

उपदेशकांनी आपापल्या गावी घरोघर विचारपूस करावी, अशा मुलाच्या आईबापांसोबत रुग्णालयात व शाळेत जावे, आणि उपासनेत त्यास दाराशी न बसविता सर्वांच्या मध्ये बसवून त्याच्या हातून होईल ते काम त्यास द्यावे. रमाबाईंचे स्मरण करण्याची याहून चांगली रीत दुसरी नाही.